दिवे: सगळं ठीक, ताट झाकून ठेवलंय

आमच्या भावजींना ऑफिसात सगळे मौनीबाबा म्हणतात, आणि त्यात कुणाचं काही चुकतं असं मला वाटत नाही. हा माझा धाकटा दीर. मी या घरात आले तेव्हा हे शाळेत जात होते, आता कानामागचे केस पांढरे झाले, पण तेव्हापासून आजपर्यंत माझ्या कुठल्याही बोलण्यावर यांचं उत्तर एकच: "हं." आमटीत मीठ जास्त झालंय का? हं. पगार झाला का? हं. लग्नाचं विचारलं तरी हं. म्हणजे हो की नाही, हे कुणालाच कळलं नाही, त्यामुळे लग्न राहिलं ते राहिलंच.

मी मात्र बोलते. भरपूर बोलते, त्यात लपवण्यासारखं काय आहे? आमचे हे, म्हणजे भावजींचे थोरले भाऊ, पेपराच्या आडून रोज एकदा तरी म्हणतात, "अगं, जरा कमी बोल." घरात माणसं तीन. एक म्हणतो हं, एक म्हणतो कमी बोल. मग तिसरीनं काय भिंतीशी बोलायचं?

मी आणि भावजी एकाच ठिकाणी कामाला. शहरातल्या रस्त्यांवरचे दिवे सांभाळणारं आमचं दिवाबत्ती खातं. मी खाली हॉलमध्ये टेलिफोन बोर्डावर, भावजी वर सर्व्हरच्या खोलीत. त्या खोलीतल्या मशीनवर एक प्रोग्रॅम अखंड चालू असतो आणि सगळ्या शहराच्या दिव्यांवर लक्ष ठेवतो. वरची मंडळी त्याला सर्व्हिस म्हणतात. ही सर्व्हिस काय करतेय हे तिचं स्टेटस विचारलं की कळतं. ती स्वतःच्या नावाच्या जागी एक ओळ लिहून ठेवते. सगळं नीट असलं तर "दिवे: सगळं ठीक". काही बिघडलं तर कुठे बिघडलं, काय करायचं, ते. ही ओळ हॉलमधल्या स्क्रीनवर दिसत राहते, आणि ती बघून वायरमन लोक कामाला निघतात.

आता आमच्या साहेबांबद्दल सांगते. साहेबांना दोन गोष्टींचा राग. एक म्हणजे प्रश्न विचारणारा माणूस आणि दुसरी म्हणजे कोरी जागा. वायरमन लोक सारखे फोन करून "साहेब, स्क्रीनवर असं आलंय, करू का?" विचारायचे, तेव्हा साहेबांनी आदेशच काढला: स्क्रीनवर जे दिसेल त्याप्रमाणे ताबडतोब करावे, विचारत बसू नये. आणि कोऱ्या जागेचं म्हणाल, तर ती त्यांच्या मते उधळपट्टी. कागद दोन्ही बाजूंनी भरलेला हवा. दोन ओळींमध्ये मोकळी जागा दिसली की साहेबांच्या कपाळाला आठी. काटकसर मोहीम म्हणून एकदा त्यांनी ऑफिसातल्या सगळ्या फायलींमधल्याच काय, मशीनमधल्याही कोऱ्या जागा कापायला लावल्या होत्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर झालं असं, की हॉलमधली जुनी स्क्रीन गेली. ती होती पाटीएवढी. तिच्या जागी साहेबांनी भिंतभर लांब स्क्रीन आणवली. सगळे जमले, साहेबांनी बटण दाबलं, आणि भिंतीवर ही लांबच लांब ओळ उमटली:

"दिवे: सगळं ठीक बाहेरचा दिवा बंद करा, ताट झाकून ठेवलंय, जेवून घ्या, उपाशी झोपू नका, मी काही तुमच्यासाठी जागी राहणार नाही"

माझ्या हातातला फोन हातातच राहिला. अहो, हे माझं बोलणं! अगदी शब्द न् शब्द माझा. भावजी कामावरून उशिरा येतात, तेव्हा मी आतल्या खोलीतून हेच ओरडते. वर्षानुवर्षं ओरडतेय. ते आता साऱ्या खात्यासमोर भिंतीवर! मी वायर कुठल्या कुठे खोचली आणि पाणीपुरवठ्याचा फोन कुणाच्या तरी दंतवैद्याला जोडून दिला.

बाकी कुणाला मात्र नवल वाटलं नाही. साहेब म्हणाले, "छान. आता पूर्ण दिसतंय." हेडक्लार्क घड्याळाकडे बघून म्हणाले, "आत्ताच जेवायचं?" पण विचारत बसायचं नाही असा आदेशच होता, म्हणून सगळ्यांनी डबे उघडले. नुकताच नाश्ता केलेली माणसं, पण जेवली बिचारी. हेडक्लार्कांनी तर दुपारी परत एकदा स्क्रीन बघितली आणि परत जेवले. एक टायपिस्टबाई "मी जागी राहणार नाही" वाचून घाबरल्या. सर्व्हिसच झोपली तर शहराचं काय होईल, म्हणून त्या दर थोड्या वेळानं वर जाऊन मशीनवर टकटक करून यायच्या.

इथपर्यंत चाललं असतं. पण दिवेलागणीला एका वायरमननं "बाहेरचा दिवा बंद करा" वाचलं. कुठला बाहेरचा, हे काही लिहिलेलं नव्हतं. त्यानं आपला शहराच्या बाहेरच्या अंगाचा सगळा भाग बंद केला. आणि त्याच भागात साहेबांचे सासरे फिरायला गेले होते. अंधारात ते घर चुकले, भलत्याच घरात शिरले, तिथली मंडळी जेवायलाच बसत होती, त्यांनी पान वाढलं. सासरेबुवा पोटभर जेवले, तिथंच झोपले, आणि सकाळी साहेब न्यायला गेले तर म्हणाले, "मी येत नाही. इथं माझ्याशी बोलतात तरी."

साहेबांच्या अंगाचा नुसता तिळपापड. ऑफिसात आले ते थेट वर. माझ्या बोर्डापर्यंत आवाज येत होता. "सर्व्हिस तुमची, ओळ तुमच्या सर्व्हिसची! हे कुठून आलं ते शोधा. आणि शोधा नाही तर राहू द्या, तुमची बदली पक्की. टेकडीपलीकडचं उपकेंद्र! सोमवारी निघायचं!"

टेकडीपलीकडचं उपकेंद्र म्हणजे एक खोली, एक खाट आणि भिंतीवर बटणं. घरी यायचं ते वर्षातून एखाद-दोनदा. तिथून परत आलेला मागचा माणूस अजून बटणांना नावानं हाका मारतो. मी जिना चढून वर गेले आणि साहेबांना म्हटलं, "साहेब, असं करू नका."

साहेब म्हणाले, "बाई, ते तसेही बोलत नाहीत. त्यांना इथं काय आणि तिथं काय?"

अहो, बोलत नाहीत म्हणून ऐकायलाही कुणी नको? पण हे मला त्या वेळी सुचलंच नाही. एरवी नको तेव्हा शंभर गोष्टी सुचतात.

घरी आल्यावर मात्र मी भावजींना धारेवर धरलं. बदलीचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त राग होता. "भावजी, माझी टिंगल करायची होती तर घरात करायची. चारचौघांत भिंतीवर कशाला? मी मेली तुमचं ताट झाकून ठेवते आणि तुम्ही माझं बोलणं चव्हाट्यावर मांडता?"

"हं?" भावजी म्हणाले. या वेळी ते हं जरा वेगळं होतं, शेवटी वर गेलेलं. त्यांनाच काही कळत नव्हतं. शपथेवर सांगते, त्यांचा चेहरा बघून मला खात्री पटली की या माणसाला ही ओळ कुठून आली ते खरोखर माहीत नाही.

"अगं, जरा कमी बोल," पेपराच्या आडून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी भावजी शोधायला बसले. मी मधल्या सुट्टीत वर जाऊन बसायचे, तेवढाच सोबतीला जीव. त्यांनी सर्व्हिस बंद करून परत सुरू केली. मी परत भिंतीवर. मशीन बंद करून सुरू केलं. मी तिथंच. स्क्रीनची वायर काढून दुसरी लावली, स्क्रीन बनवणाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, आमची स्क्रीन स्वतःहून कुणाला जेवायला सांगत नाही.

मग एक गंमत झाली. मला खालून फोन आला की बाजारात तीन खांब बंद पडलेत. त्याच वेळी भावजींच्या समोर ओळ बदलली: "दिवे: बाजारात तीन खांब बंद, वायरमन पाठवा, जेवून घ्या, उपाशी झोपू नका, मी काही तुमच्यासाठी जागी राहणार नाही". भावजी खुर्चीत सरळ झाले. बाहेरचा दिवा गेला, ताट गेलं! खांब दुरुस्त झाले, "सगळं ठीक" आलं, आणि ताट परत आलं. म्हणजे शहरात बिघाड जितका मोठा, तितकी मी झाकली जाते. आणि सगळं सुरळीत असलं की माझी बडबड सगळ्यात जास्त. आमचे हे असते तर म्हणाले असते, घरीही असंच आहे.

भावजींनी टेबलावरच्या पाटीसारख्या फळ्यावर मला लिहून दाखवलं. आधी एक लांब वाक्य लिहिलं. मग ते न पुसता त्यावरच, सुरुवातीपासून, एक छोटं वाक्य गिरवलं. पुढचं झाकलं गेलं, मागची शेपटी उरली. सर्व्हिस हेच करत होती. ती सुरू करायला एक ओळ टाइप करावी लागते, आणि आपली खबर ती त्याच ओळीच्या जागेवर वरून लिहिते. जागा मिळते ती तेवढीच. पुसायचं तिला कुणी शिकवलेलं नाही, आणि ज्यांनी तिला बनवलं ती कंपनी कधीच बंद पडली. जुनी पाटीएवढी स्क्रीन खबर संपली की तिथंच थांबायची, नवी मात्र ओळ शेवटपर्यंत दाखवते, म्हणून शेपटी इतकी वर्षं कुणाला दिसली नाही.

मग भावजींनी सर्व्हिस सुरू करायची ती मूळ ओळ उघडली. तिथं कामाचे शब्द संपल्यावर पुढं लिहिलेलं होतं: "भावजी, बाहेरचा दिवा बंद करा, ताट झाकून ठेवलंय..."

भावजींनी डोक्याला हात लावला. आता त्यांना आठवलं. आणि मला कळलं की हे दुसऱ्या कुणी नाही, यांनीच लिहिलंय. माझा राग परत उसळला.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. साहेब, हेडक्लार्क, भावजी, आणि बोलणं माझं म्हणून मी. साहेब म्हणाले, "हे वाक्य तिथं का टाकलं? नीट उत्तर द्या. हं चालणार नाही."

भावजींनी घसा खाकरला. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच एवढं बोलले, आणि तेसुद्धा जमिनीकडे बघत. "पूर्वी ओळ आखूड होती. सर्व्हिसनं लिहिलं, नदीकाठी दुरुस्ती चालू आहे, दिवे बंद करू नका. जागा पुरली नाही. दिवे बंद, इथवरच दिसलं. वायरमननं बंद केले. म्हणून मी ओळीत मागं कोऱ्या जागा टाकून ती लांबवली. मग काटकसर मोहीम आली. कोऱ्या जागा कापल्या गेल्या. परत अंधार झाला. म्हणून काहीतरी लांब लिहायला हवं होतं."

साहेबांनी मोहिमेचा विषय ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "पण हेच का? दुसरं काही नव्हतं?"

"मला पाठ असलेलं लांब असं एवढंच होतं," भावजी म्हणाले.

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर सायकलींची शेड होती, पण मी तिच्याकडेच बघत राहिले. इतकी वर्षं मी समजत होते की या माणसाच्या कानात माझा एक शब्द शिरत नाही.

साहेब काही विरघळले नाहीत. घरगुती मजकूर, वरिष्ठांची मंजुरी नाही, बदली कायम. पण जाण्याआधी ओळ दुरुस्त करून द्यायची. बाहेरच्या दिव्याचे शब्द काढायचे. ते काढले तर ओळ आखूड, मोठी खबर परत अर्धी दिसणार. कोरी जागा चालणार नाही. म्हणजे तेवढ्या लांबीचे नवे शब्द हवेत, आणि असे हवेत की वायरमन लोकांनी ताबडतोब अमलात आणले तरी काही बिघडू नये.

साहेबांनी स्वतः लेखणी उचलली. "शांतता राखा" असं लिहिलं. हेडक्लार्क म्हणाले, मग बाई फोन कसे उचलणार? "सावध राहा" लिहिलं. तर सगळे काम सोडून सावध बसतील. "आपले कर्तव्य करा" लिहिल्यावर हेडक्लार्क बराच वेळ विचार करून म्हणाले, "साहेब, नेमकं कुठलं?" साहेबांच्या नाकी नऊ आले. शेवटी लेखणी आपटून म्हणाले, "ज्यानं आधी लिहिलं त्यानंच काय ते लिहावं. मी मंजूर करतो. सोमवारी सकाळी ओळ तयार पाहिजे, आणि संध्याकाळी हा माणूस टेकडीपलीकडे."

रविवारी मी भावजींची बॅग भरत होते. स्वेटर घातला, काढला, परत घातला. कुणाशी एक शब्द बोलले नाही. आमच्या ह्यांनी दोनदा पेपर खाली करून माझ्याकडे बघितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "अगं, बोल की काहीतरी. घर कसं खायला उठलंय."

तेवढ्यात भावजी दारात येऊन उभे राहिले. त्यांनी उभ्या आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मीठसुद्धा स्वतः उठून घेतात. ते म्हणाले, "वहिनी, आणखी थोडं बोला ना. जागा कमी पडतेय."

आता घ्या! जिला जन्मभर गप्प बस म्हणून ऐकावं लागलं, तिला कुणीतरी बोल म्हणतंय, आणि माझी दातखीळ बसली. काही म्हणजे काही सुचेना. भावजी हातात पेन घेऊन थांबले. आमचे हे थांबले. मी तोंड उघडलं, मिटलं. डोळे भरून आले तेवढं खरं. भावजींनी थोडा वेळ वाट बघितली, मग चपला घालून जिना उतरायला लागले. ओळ टाइप करायला ऑफिसला चालले होते.

आणि त्यांची पाठ दिसली तशी माझी जीभ सुटली. जिन्याच्या कठड्यावरून ओणवी होऊन मी ओरडले, "आणि त्या टेकडीपलीकडे वगैरे कुठेही जायचं नाही, सांगून ठेवते! इथंच राहायचं!"

पावलं थांबली. खालच्या वळणावर भावजी हातावर काहीतरी लिहून घेताना दिसले. मग निघून गेले.

सोमवारी साहेबांनी कागद बघितला. वाक्यात दिव्याचा उल्लेख नाही, बटणाचा नाही, कोरी जागा नाही. "यात धोका काही दिसत नाही," म्हणाले आणि सही केली. भावजींनी वर जाऊन सर्व्हिस सुरू केली, आणि भिंतीवर ओळ आली: "दिवे: सगळं ठीक, ताट झाकून ठेवलंय, जेवून घ्या, उपाशी झोपू नका, मी काही तुमच्यासाठी जागी राहणार नाही, आणि त्या टेकडीपलीकडे वगैरे कुठेही जायचं नाही, सांगून ठेवते, इथंच राहायचं"

संध्याकाळी हेडक्लार्क बदलीचा आदेश हातात घेऊन हॉलमध्ये आले. भावजी बॅग घेऊन उभे होते. हेडक्लार्कांनी आदेश पुढे केला, सवयीनं भिंतीकडे बघितलं, आणि हात मागे घेतला. परत बघितलं. मग साहेबांच्या खोलीत गेले. आतून साहेबांचा आवाज आला, मग हेडक्लार्कांचा, "पण साहेब, स्क्रीनवर दिसेल त्याप्रमाणे ताबडतोब करावे. सही आपलीच आहे. दोन्हींवर."

साहेब दारापर्यंत आले. भिंतीवरची ओळ त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली. विचारत बसू नये हा आदेश मागे घ्यावा तर वायरमन परत दर खांबाला फोन करणार, आणि ओळ बदलावी तर परत शब्द शोधत बसायचं. त्यात सासरेबुवांपर्यंतही ही ओळ पोहोचली होती म्हणे, तेही तिकडे "इथंच राहायचं" म्हणून बसले होते. साहेब आत गेले आणि दार लावून घेतलं. हेडक्लार्कांनी बदलीचा कागद उलटा करून मागच्या बाजूला दुसरं काहीतरी लिहायला घेतलं.

माझा जीव भांड्यात पडला. मी बोर्ड सोडून भावजींकडे गेले, त्यांच्या हातातली बॅग घेतली. स्वेटर वरच होता. म्हटलं, "भावजी, खरं सांगा. हे वाक्य घातलंत ते मुद्दाम ना? हे असं होणार, माहीत होतं तुम्हाला?"

"हं," भावजी म्हणाले.

म्हणजे हो की नाही, ते मी विचारलं नाही. म्हटलं, चला घरी, जेवून घ्या.